'अप्लिकेशन डिनाइड' आलं की पहिलं काम: कुठल्या कंपनीचा रिपोर्ट होता ते विचारा

मागच्या वर्षी उन्हाळ्यात ओळखीतल्या एका मुलाचा रात्री साडेदहाला फोन आला. टेक्ससमध्ये डॅलसजवळ आयर्व्हिंगला त्याने अपार्टमेंटसाठी अर्ज केला होता आणि दोन दिवसांत मेल आला की तुमचं अप्लिकेशन मंजूर करता येत नाही, धन्यवाद. बस, एवढंच. पगार व्यवस्थित, एकही बिल कधी थकवलेलं नाही, बायको तीन आठवड्यांनी पुण्याहून येणार म्हणून वन बेडरूम बघून ठेवलेलं, आणि अर्जाची फी साठ डॉलर गेली ती वेगळीच. मी विचारलं कारण काय दिलं, तर म्हणाला, "ताई, कारण कोण देतं? आपण बाहेरचे, नाही म्हणाले तर नाही."

हे वाक्य मला फार लागलं, कारण असं म्हणणारा तो पहिला नाही. आपल्याकडे पुण्या-मुंबईत भाड्याचं घर शोधताना नकाराची सवयच होऊन जाते. बॅचलर आहात म्हणून नाही, सोसायटीचा नियम आहे म्हणून नाही, कधी तर नुसतंच "घर गेलं हो". कारण विचारायचं असतं हेच डोक्यात येत नाही आणि तीच सवय घेऊन आपण अमेरिकेत येतो. पण इथे भाड्याच्या घराच्या नकाराबाबत एक केंद्रीय कायदा आहे, १९७० सालचा, आणि नकार जर तुमच्याबद्दलच्या एखाद्या रिपोर्टवरून दिला असेल तर त्या नकाराबरोबर काही माहिती तुम्हाला द्यावीच लागते. ती न मागितल्यामुळे आपली माणसं किती नुकसान करून घेतात ते बघून हे लिहायला बसले.

अर्ज दिल्यावर आत काय चालतं

स्थळ बघताना चौकशी करतात ना, तसंच समजा. मुलाकडचे काही मुलीला दिवसरात्र ओळखत नसतात, मग ते कुणाला तरी विचारायला सांगतात, तो माणूस गावात जाऊन चार ठिकाणी विचारतो आणि येऊन सांगतो की घर चांगलं आहे, किंवा तोंड वाकडं करतो. घरमालकही तुम्हाला ओळखत नाही, म्हणून तो चौकशी करणाऱ्या कंपनीला पैसे देतो (म्हणजे तुमच्याच फीमधून) आणि ती कंपनी तुमचं क्रेडिट (म्हणजे कर्ज, कार्डाची बिलं वेळेवर फेडलीत का त्याची नोंद), कोर्टाच्या केसेस, गुन्ह्यांची नोंद, आधीच्या घरांची माहिती असं सगळं गोळा करून रिपोर्ट देते. याला टेनंट स्क्रीनिंग रिपोर्ट म्हणतात. बऱ्याचदा मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये लीझिंग ऑफिसातली मुलगी तो रिपोर्ट नीट वाचतही नाही, तिच्या स्क्रीनवर एक स्कोअर येतो किंवा नुसतं 'अप्रूव्ह', 'डिनाय', 'जादा डिपॉझिट घ्या' असं येतं आणि ती तेवढंच बघून मेल पाठवते.

आता अडचण कुठे येते बघा. चौकशीला गेलेला माणूस चुकून त्याच आडनावाच्या पलीकडच्या आळीतल्या घराची चौकशी करून आला तर? त्या घरातल्या कुणीतरी उधारी बुडवलेली असते आणि स्थळ मोडतं ते तुमचं. तुम्हाला सांगतात पत्रिका जुळली नाही. तुम्हाला शेवटपर्यंत कळत नाही की कुणीतरी भलत्याच माणसाबद्दल सांगितलं होतं.

अमेरिकेतला तो १९७० चा कायदा, फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट, नेमकं हेच थांबवायला आहे. नावात क्रेडिट असलं तरी तो फक्त बँकेच्या कर्जापुरता नाही. घर, नोकरी, विमा यांसाठी माणसाबद्दल माहिती गोळा करून विकणाऱ्या सगळ्याच कंपन्या त्यात येतात आणि भाडेकरूंची चौकशी करणाऱ्याही येतात. इथून पुढे मी त्यांना नुसतं रिपोर्ट कंपनी म्हणते.

नकार म्हणजे फक्त 'नाही' असं नाही

कायद्यात शब्द आहे ॲडव्हर्स ॲक्शन, म्हणजे तुमच्या विरोधात जाणारा निर्णय. आपल्या लोकांना इथे सगळ्यात जास्त फसायला होतं, कारण घर मिळालं म्हणजे नकार नाहीच असं वाटतं. पण रिपोर्ट बघून तुमच्याकडे इतरांपेक्षा जास्त डिपॉझिट मागितलं, किंवा को-सायनर (तुमच्यासाठी जामीन राहणारा) आणा म्हणाले, किंवा भाडंच जास्त लावलं, तरी तो विरोधातलाच निर्णय आहे आणि त्यालाही तीच नोटीस लागू होते. नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना आणि नोकरीच्या एच-वन व्हिसावाल्यांना "तुमची क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून दोन महिन्यांचं डिपॉझिट द्या" असं सांगतात आणि ते देऊन मोकळे होतात. हिस्टरी नाही हेसुद्धा बहुतेक वेळा रिपोर्ट बघूनच ठरवलेलं असतं, आणि तसं असेल तर नोटीस तिथेही द्यायला हवी. आणि रिपोर्ट हे एकमेव कारण असायची गरज नाही, निर्णयात त्याचा थोडासा जरी हात असला तरी पुरे.

नोटिशीत काय असायला हवं

फार मोठा कागद नसतो तो. रिपोर्ट देणाऱ्या कंपनीचं नाव, पत्ता, फोन नंबर. हा निर्णय त्या कंपनीने घेतलेला नाही आणि कारण ती सांगू शकणार नाही असं एक वाक्य. ६० दिवसांच्या आत मागितलात तर त्या रिपोर्टची प्रत फुकट मिळेल हे. आणि त्यातली माहिती चुकीची किंवा अपुरी असेल तर तुम्ही हरकत घेऊ शकता हे. निर्णयात क्रेडिट स्कोअर वापरला असेल तर तो आकडा आणि तो कशामुळे खाली गेला त्याची मुख्य कारणंही द्यावी लागतात. स्कोअर लेखी किंवा मेलवरच द्यावा लागतो, बाकीची नोटीस तोंडी दिली तरी कायद्याला चालते, पण तुम्ही सगळंच लेखी मागा, मेलवर.

या सगळ्यात सोन्यासारखी गोष्ट एकच आहे, कंपनीचं नाव. कारण बहुतेक लोक लीझिंग ऑफिसात जाऊन म्हणतात मला माझा रिपोर्ट दाखवा, ते म्हणतात आम्हाला दाखवता येत नाही, आणि विषय संपतो. केंद्रीय कायद्याप्रमाणे घरमालकाने रिपोर्ट दाखवलाच पाहिजे असं खरंच नाही. पण रिपोर्ट कंपनीने मात्र दाखवलाच पाहिजे. म्हणजे आपण चुकीच्या दारावर थाप मारत असतो. आयर्व्हिंगच्या त्या मुलाला मी हेच सांगितलं, रिपोर्ट मागू नको, नाव माग. त्याने तीन ओळींचा मेल लिहिला की माझा अर्ज कुठल्या कंपनीच्या रिपोर्टवरून नाकारला तिचं नाव, पत्ता, फोन लेखी कळवा, हे फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टप्रमाणे मागतोय. दोन दिवस काही नाही, मग त्याने परत पाठवला आणि यावेळी मॅनेजरलाही सीसी केला, त्या संध्याकाळी नाव आलं.

फाइलमध्ये आपल्याबद्दल काय काय लिहिलंय

कंपनीकडून जे मागायचं ते म्हणजे तुमच्या नावावरची सगळी फाइल, नुसता घरमालकाला पाठवलेला सारांश नाही. गावाकडे आपण सातबारा काढतो तो का, तर आपल्या जमिनीवर कुणाचं नाव चढलंय, बोजा कसला आहे ते कळावं म्हणून, आणि तिथे भलतंच नाव चढलं असेल तर ते कमी करायला तलाठ्याकडे जावं लागतं. ही फाइल म्हणजे तुमच्या नावाचा सातबाराच. त्यात माहिती कुठून आणली ते उगमही कंपनीने सांगायला हवेत, कारण रिपोर्ट कंपनी स्वतः कोर्टात जाऊन बसत नाही, ती क्रेडिट एकीकडून घेते, कोर्टाच्या नोंदी दुसऱ्या कुणाकडून विकत घेते. चूक वरच्या टाकीत असेल तर खालचा नळ पुसून उपयोग नाही.

हा उगमाचा मुद्दा मी उगाच सांगत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये ट्रान्सयुनियन या मोठ्या क्रेडिट ब्युरोच्या (लोकांच्या क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या) भाडेकरू-चौकशी करणाऱ्या कंपनीवर केंद्र सरकारच्या दोन संस्थांनी, फेडरल ट्रेड कमिशन म्हणजे एफटीसी आणि कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो म्हणजे सीएफपीबी यांनी, मिळून कारवाई केली आणि कंपनीला दीड कोटी डॉलर भरावे लागले, त्यातले १ कोटी १० लाख नुकसान झालेल्या लोकांसाठी होते. आरोप काय होते? घर खाली करण्याच्या केसेसच्या नोंदी चुकीच्या आणि अर्धवट दिल्या, आणि लोकांनी विचारल्यावर ही माहिती कोणाकडून घेतली त्या पुरवठादारांची नावं सांगितली नाहीत.

चुका होतात तरी कशा

घर खाली करून घेण्याच्या केसला इथे एव्हिक्शन म्हणतात आणि रिपोर्टात हा शब्द दिसला की बहुतेक घरमालक पुढे वाचत नाहीत. पण केस दाखल होणं वेगळं आणि माणसाला घराबाहेर काढणं वेगळं. भाडं आठ दिवस उशिरा आलं म्हणून मालकाने केस टाकली, भाडेकरूने पैसे भरले, केस रद्द झाली, असं सर्रास होतं. रिपोर्टात मात्र केस टाकल्याची नोंद राहते आणि ती रद्द झाल्याची येत नाही. कधी एकाच केसचे तीन टप्पे तीन वेगवेगळ्या केसेससारखे दिसतात. कधी कोर्टाने सील केलेली, म्हणजे लोकांना बघायला बंद केलेली नोंदही रिपोर्टात येते. वरच्या २०२३ च्या प्रकरणात हे सगळे प्रकार होते.

दुसरी चूक नावाची, आणि आपल्या लोकांनी इथे जास्त सावध राहायला हवं. एव्हिक्शनच्या कोर्टाच्या कागदांवर बऱ्याचदा जन्मतारीख नसते, सोशल सिक्युरिटी नंबर नसतो, फक्त नाव आणि पत्ता. मग कंपनीचं सॉफ्टवेअर नाव जुळवतं. २०१८ मध्ये एफटीसीने रिअलपेज कंपनीवर याच कारणासाठी कारवाई केली आणि ३० लाख डॉलर दंड झाला, नाव जुळवायचे निकष इतके सैल होते की गुन्ह्यांच्या नोंदी भलत्याच अर्जदाराला चिकटायच्या. दोनेक वर्षांनी ॲपफोलिओला साडेबेचाळीस लाख डॉलर दंड झाला. आता आपली नावं बघा. पाटील, जोशी, कुलकर्णी, शिंदे, पहिलं नाव अमित नाहीतर स्नेहा. मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदललेलं, पासपोर्टवर एक, लीजवर दुसरं, बँकेत मधल्या नावाचं नुसतं एक अक्षर. एखाद्या ठिकाणी तर मधलं नाव पहिल्या नावालाच जोडून टाकलेलं. एकाच माणसाच्या दोन फाइली व्हायला आणि दोन माणसांची एक व्हायला ही सगळी सोय आपण नकळत करून ठेवतो. म्हणून अर्जात पासपोर्टवरचं पूर्ण नाव, मधल्या नावासकट, सगळीकडे एकसारखं लिहा.

कायदा म्हणतो की रिपोर्ट जास्तीत जास्त अचूक राहील अशी वाजवी काळजी कंपनीने घ्यायलाच हवी. नुसतं नाव जुळलं म्हणून नोंद चिकटवणं ही वाजवी काळजी नाही असं सीएफपीबीने २०२१ मध्ये स्पष्ट लिहिलंही होतं. मे २०२५ मध्ये त्यांनी आपली बरीच मार्गदर्शक पत्रकं मागे घेतली, त्यात हेही गेलं, आणि ते वाचून काहींनी समज करून घेतला की आता हक्कच गेले. तसं नाही. पत्रक म्हणजे कायद्याचा अर्थ सांगणारा कागद, मूळ कायदा जागच्या जागी आहे आणि अचूकतेचं कलमही.

तिसरी चूक म्हणजे शिळी माहिती. एव्हिक्शनची केस, वसुलीला गेलेली बाकी, गुन्हा सिद्ध न झालेली अटक, हे साधारण ७ वर्षांनंतर रिपोर्टात यायला नको. दिवाळखोरी १० वर्षं राहते. गुन्हा सिद्ध झाला असेल तर मात्र केंद्रीय कायद्यात मुदत नाही.

हरकत घ्यायची कशी

फोनवर बोलून काम होतं पण पुरावा राहत नाही, म्हणून लेखी द्या, शक्यतो सर्टिफाइड मेलने, पोचपावती घेऊन. कुठली नोंद चुकीची आहे, का चुकीची आहे, आणि सोबत कागदांच्या प्रती (मूळ कागद कधीच पाठवू नका). त्या मुलाची फाइल आली तेव्हा त्यात ओहायोमधली २०१८ ची एव्हिक्शन केस होती, नाव आडनाव तंतोतंत. हा मुलगा अमेरिकेत पहिल्यांदा उतरला २०२१ मध्ये! पासपोर्टवरचा शिक्का, आय-९४ चा प्रवासाचा इतिहास, आणि ओहायोच्या त्या काउंटी कोर्टाच्या वेबसाइटवरून त्या दुसऱ्या माणसाचा पत्ता, एवढं जोडून त्याने पाठवलं.

कंपनीला हरकत मिळाल्यापासून साधारण ३० दिवसांत तपास करावा लागतो, मध्ये तुम्ही आणखी कागद दिलेत तर ४५ पर्यंत जाऊ शकतं. खरं आहे असं सिद्ध करता आलं नाही तर ती नोंद काढावी लागते किंवा दुरुस्त करावी लागते आणि निकाल तुम्हाला लेखी कळवावा लागतो. नोंद निघाल्यावर आणखी एक मागणी करता येते जी फार कमी लोकांना माहीत आहे, गेल्या ६ महिन्यांत ज्यांना ज्यांना तो चुकीचा रिपोर्ट गेला त्यांना दुरुस्तीची सूचना पाठवा असं कंपनीला सांगायचं. आणि कंपनी ऐकतच नसेल तर तुमची बाजू मांडणारं छोटं निवेदन फाइलला जोडायचा हक्क आहे.

"पण मी सिटिझन नाही ना"

सिटिझन असावं लागत नाही. कायद्यात कन्झ्युमर म्हणजे माणूस, एवढंच. एफ-वन असो, एच-फोर असो, ग्रीन कार्ड नसो, हक्क तेच. व्हिसावर काही परिणाम होईल या भीतीने लोक गप्प बसतात, पण रिपोर्टातली चूक दुरुस्त करून घेणं म्हणजे सरकारशी भांडण नाही, एका खासगी कंपनीकडची नोंद नीट करून घेणं आहे.

"तीस दिवस थांबलो तर घर हातचं जाईल"

हो, बहुतेक वेळा जातं. इथे मी खोटी आशा दाखवणार नाही, घरमालकाला तुमच्यासाठी घर धरून ठेवायची सक्ती नाही. हरकत सुरू असतानाच पुरावा घरमालकालाही थेट दाखवून बघा, कधी ऐकतात. पण खरा उपाय आधी करायचा असतो. घर शोधायच्या दोन महिने आधी आपली फाइल मागवा. देशभर काम करणाऱ्या भाडेकरू-चौकशी कंपन्यांनी १२ महिन्यांतून एकदा फाइल फुकट द्यावी लागते, नकार आलेला असो वा नसो, आणि सीएफपीबीच्या साइटवर अशा कंपन्यांची यादी आहे. तिन्ही मोठ्या क्रेडिट ब्युरोंचे रिपोर्ट तर आता ऑनलाइन दर आठवड्याला फुकट बघता येतात. क्रेडिट फ्रीझ करून ठेवलं असेल (म्हणजे तुमचा क्रेडिट रिपोर्ट इतरांना बघता येऊ नये म्हणून कुलूप घातलं असेल) तर अर्जाच्या दिवशी ते उघडायला विसरू नका, निव्वळ त्यामुळे अर्ज अडकलेले मी पाहिलेत.

"आता दुसरीकडे घर मिळालं, कशाला डोक्याला त्रास"

कारण ती नोंद तुमच्याबरोबर येते. लीज वर्षाने संपेल, तुम्ही परत अर्ज कराल, आणि पुढचा मालक कदाचित तीच रिपोर्ट कंपनी वापरत असेल. घर मिळालेलं असताना हातात वेळ असतो, तेव्हाच हे काम करा. ६० दिवसांची मुदत नकाराच्या नोटिशीपासून चालू झालेली असते हे विसरू नका.

"मालकाने स्वतःच जुन्या मालकाला फोन केला तर?"

मग हा कायदा लागू होत नाही. तो स्वतः चौकशी करतोय, कंपनीचा रिपोर्ट नाही. घरगुती मालकांकडे, बेसमेंट भाड्याने देणाऱ्यांकडे असं जास्त होतं. आणि नकार वंश, धर्म किंवा मूळ देश बघून दिलाय असं वाटत असेल तर तो वेगळा कायदा, १९६८ चा फेअर हाउसिंग ॲक्ट, त्याची तक्रार एचयूडी या केंद्राच्या गृहनिर्माण खात्याकडे एका वर्षाच्या आत करता येते.

कायदा मोडला तर कोण विचारतं

रिपोर्ट कंपनीने जाणूनबुजून कायदा धाब्यावर बसवला तर तुम्ही कोर्टात जाऊ शकता, प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करता आलं नाही तरी १०० ते १,००० डॉलर भरपाई आणि वकिलाची फी मिळू शकते, म्हणून काही वकील आधी पैसे न घेता अशा केसेस घेतात. चूक कळल्यापासून २ वर्षांत जावं लागतं. घरमालकाने नोटीसच दिली नाही तर मात्र बहुतेक केंद्रीय कोर्टं म्हणतात की त्यासाठी भाडेकरूला स्वतः दावा करता येत नाही, तिथे एफटीसी, सीएफपीबी किंवा राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार हाच रस्ता. मला हे कायद्यातलं मोठं भोक वाटतं, कारण ज्या कागदापासून सगळं सुरू होतं तोच न देणारा सगळ्यात सहज सुटतो.

राज्यांचे कायदे वेगळे आणि काही ठिकाणी बरेच चांगले आहेत. न्यूयॉर्कमध्ये २०१९ पासून चौकशीची फी २० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाही, रिपोर्टची प्रत द्यावी लागते, आणि पूर्वी घरमालकाशी कोर्टात केस होती एवढ्यावरून नकार देता येत नाही. वॉशिंग्टन राज्यात, म्हणजे आपले सिएटल-बेलव्ह्यूवाले, काय तपासणार आणि कशावरून नाकारणार ते मालकाने आधीच लेखी सांगायचं असतं. टेक्ससमध्ये अर्जाबरोबर निवडीचे निकष छापील द्यावे लागतात, ते दिले नाहीत आणि अर्ज नाकारला तर फी परत मागता येते.

आयर्व्हिंगच्या मुलाला ते निकष कधी दिलेच नव्हते, म्हणून साठ डॉलर त्याने मागितले आणि ते परत आले. ओहायोची केस तेविसाव्या दिवशी फाइलमधून निघाली. ते अपार्टमेंट तोवर गेलं होतं, बायको आली तेव्हा दोघं दहा दिवस मित्राच्या हॉलमध्ये झोपले, आणि मग दोन मैलांवर दुसऱ्या कॉम्प्लेक्समध्ये घर मिळालं, जादा डिपॉझिट न भरता.